धानाच्या वहीत नाडी

हलरचं इंजिन चुकायला लागलं
की मी पलीकडच्या खोलीतून ओळखायचो.
टुक टुक टुक, मग एक भोक,
मग दोन घाईघाईचे.
पोरं म्हणायची, चालू तर आहे ना काका.
मी पाना घेऊन उठायचो.

स्वतःचं मात्र सहा महिने कळलं नाही.
कोंड्याची धूळ, म्हटलं. वय, म्हटलं.
अर्धं पोतं उचललं
की छातीत कुणी कोंबडं दाबून धरल्यासारखं
फडफड, गप्प,
पुन्हा फडफड.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी
टेबलभर पसरली.
रेघ कसली, बोराटीचं कुंपण.
"वरचे कप्पे नुसते थरथरतायत.
तिथं रक्त साचतं, साचलं की गुठळी,
आणि गुठळी निघाली की..."
पुढचं त्यांनी बोटानं दाखवलं, कपाळाकडे.
मी विचारलं, पाना कितीचा लागेल?
त्या हसल्या नाहीत.

कौतिकानं पिशवीतून वही काढली.
मिलचीच, लाल कापडाची.
डावीकडे नाव, मग धान, तांदूळ, तूट.
"सांगा जी, लिहून घेतो."

तेव्हापासून त्या वहीत एकच गिऱ्हाईक:
नीलकंठ डोंगरवार, लाखांदूर.
धानाच्या रकान्यात नाडी,
तांदळाच्या रकान्यात झोप,
तुटीत मीठ.
सुके झिंगे गेले, लोणचं गेलं.
बाजाराच्या दिवशी सदारामसोबतची मोहाची गेली,
सदारामही गेल्यासारखाच.
परवा पारावर दिसला, म्हणाला,
चहा त चालते ना?
चालते म्हटलं. अर्धा.
मिठाशिवाय जवसाची चटणी कशी लागते
ते मात्र विचारू नका.

हिवाळ्यात लाखोरीला शेंडे फुटले.
सून, साळी, शेजारीण, सगळ्या टोपल्या घेऊन आल्या,
हिरवं खा, हिरवं चांगलं.
आठ दिवस बैलासारखा चरलो.
पुढच्या तपासणीत रक्त पुन्हा घट्ट.
बाई कागदाकडे बघत म्हणाल्या,
"भाजी सोडा म्हणत नाही मी.
रोज तेवढीच खा.
तुमची गोळी त्या मापावर बसवली आहे."

माप!
हे आधी सांगायचं होतं बाई.
चाळीस वर्षं पायलीवरून हात फिरवला,
एक दाणा वर नाही, एक दाणा खाली नाही.
कडेला पोचा पडलेली एक पितळी वाटी
त्याच दिवशी वेगळी काढली.

नागपूरचा भाचा मॅग्नेशियमची बाटली घेऊन आला,
मामा, हे घे आणि त्या गोळ्या सोड.
बाईंनी आधी किडनीचा रिपोर्ट मागितला,
मग म्हणाल्या, गोळी सुटणार नाही, काहीही झालं तरी.
बाटली फळीवर आहे.
कौतिका तिच्यात सुया ठेवते.

सकाळी कालव्यापर्यंत चालतो,
बोलता येईल इतक्याच दमानं.
बारा दिवस सरळ गेले.
तेराव्या दिवशी चुलतभावाकडे तेरवी,
रात्री दहाला पोटभर वडे,
दोन वाजता कोंबडं जागं.
भिंतीला टेकून बसलो.
ती आधीच उठून बसली होती.

तेव्हा सांगितलं तिनं.
"घोरता घोरता थांबता तुम्ही.
मी मोजत राहतो मनात.
एकदा अकरापर्यंत गेलो."
कधीपासून?
"मिलमधी दुसरं इंजिन बसवलं ना,
त्या सालापासून."

एकोणीस वर्षं.
मी इंजिन ऐकत होतो
आणि ही अंधारात
माझ्यातलं भोक मोजत होती.
काऊन नाही सांगितलं?
"सुरू व्हायचं ना मंग."

आता झोपेचीही तपासणी लिहून दिली आहे,
नागपूरला, पुढच्या मंगळवारी.
तोवर रोज सहाला ती मनगटावर दोन बोटं ठेवते,
नजर मिलच्या जुन्या घड्याळावर,
पूर्ण एक मिनिट, अर्ध्याचं दुप्पट नाही.
आकडा लिहिते.
कधी आकड्यापुढे "घोळ".
आज काहीच लिहिलं नाही,
मिनिट संपलं तरी
बोटं तिथंच.